पेटी उघडा, ताई!

मैत्रिणींनो, या वेळी कपड्यांना लागणाऱ्या कसरीबद्दल लिहायचं ठरवलं होतं. तेवढ्यात चिखलीहून एका भगिनीचं पत्र आलं. कसरीचा विषय त्यातही आहे, पण मूळ दुखणं वेगळंच आहे.

या ताईंचे यजमान शिक्षक होते. दरवर्षी गल्लीतल्या मुलामुलींना घेऊन ते रामायणावरची नृत्यनाटिका बसवायचे आणि अमडापूर, केळवद, उंद्री अशा गावांना न्यायचे. चिखलीला रेल्वे नाही. मुखवट्यांची पेटी कधी एसटीच्या टपावर, कधी कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये जायची. पोशाख ताईंनीच शिवलेले. गेल्या वर्षी यजमान गेले. आता दीर म्हणतात, "वहिनी, ती अडगळ देऊन टाका. बाईमाणसाच्यानं हे निभणार आहे का?" आणि शेजारची पोर रोज विचारते, "काकू, यंदा सीता कोण होणार?" ताई विचारतात, देऊन टाकेपर्यंत पोशाखांना कसर लागू नये म्हणून काय करू?

ताई, कसरीचं सांगतेच. आधी एका बाईची गोष्ट ऐका.

बॅले म्हटलं की पायाच्या बोटांवर तोललेला गोऱ्यांचा नाच आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण आपल्याकडे नृत्यातून सांगितलेल्या नाट्यालाही बॅलेच म्हणू लागले. शांती बर्धन हे त्यातलं मोठं नाव. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेला हा कलावंत पुढे मुंबईत आला. १९४७ साली नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वरच्या बॅलेचं नृत्यदिग्दर्शन त्यांनी केलं. संगीत रविशंकरांचं होतं. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' उभी केली. तोवर क्षयानं शरीर पोखरलं होतं. तरी त्यांनी रामायण बसवलं, आणि तेही कसं? जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालावा तसं. मुखवटे घातलेली माणसं लाकडी बाहुल्यांसारखी झटके देत हलतात, वळतात, थबकतात. दोऱ्या कुठंच नसतात, तरी त्या असल्यासारख्या भासतात!

१९५४ साली शांती बर्धन गेले. त्यांच्या पत्नी गुल, माहेरच्या झवेरी, तेव्हा जेमतेम पंचविशीच्या होत्या. मंडळी मोडली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण गुलताईंनी सहकाऱ्यांना धरून ठेवलं. पंचतंत्रावरचा बॅले शांती बर्धन यांच्या मागे या मंडळींनीच रंगमंचावर आणला. नवी कामं बसवायला प्रभात गांगुली होते. रामायणाचे प्रयोग देशभर झाले, परदेशातही गेले. बिऱ्हाडही हललं, मुंबईहून १९६४ साली ग्वाल्हेरला, पुढे भोपाळला. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. म्हणजे नवऱ्यामागे छप्पन्न वर्षं त्यांनी हा संसार चालवला!

यातली मेख लक्षात घ्या, ताई. गुलताईंनी एकटीनं सगळं केलं नाही. नाच बसवणारा वेगळा, वाजवणारे वेगळे. त्यांनी माणसं जोडून ठेवली आणि जुनं काम पुढच्यांच्या अंगात उतरवलं. नाच कागदावर राहत नाही, तो शिकलेल्याच्या अंगात राहतो. तुमच्या गल्लीत जुना हनुमान, जुना लक्ष्मण आता मोठे झाले असतील. त्यांना बोलवा. पावलं त्यांना आठवतील, पोशाख तुम्हाला. पैशांची ओढ असेल तर यंदा गावोगाव जाऊ नका. घरापुढच्या अंगणात एकच प्रवेश करा. दिरांवर रागावू नका. तुमच्या काळजीपोटीच ते बोलत असतील. त्यांना हिशेबाची वही सांभाळायला द्या!

आता कसर. पेटी जमिनीवर ठेवू नका, खाली दोन विटा किंवा पाट द्या. सुती पोशाखांना ऊन दाखवा. जरीचे मात्र सावलीत वाऱ्यावर टाका. मग धुवट जुन्या धोतरात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला भिडवू नका, जर काळी पडते. त्या वेगळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलात तरी उत्तम. दर तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर कापड घडीवरच विरतं. कागदाच्या लगद्याच्या मुखवट्यांना ओलं फडकं लावू नका, कडक उन्हातही ठेवू नका, रंग तडकतो. मऊ कुंचल्यानं धूळ झटका आणि आत कागदाचे बोळे भरा, म्हणजे नाक-गाल बसणार नाहीत. घुंगरं कोरडी पुसा, दोरी मात्र नवी ओवा.

आणि एक. इतकं करूनही नुसती बंद राहिलेली पेटी कसर शोधून काढतेच. वापरातल्या कपड्याला ती सहसा लागत नाही. तेव्हा पेटी द्यायची की ठेवायची, हे दिवाळीनंतर ठरवा. आधी ती उघडा आणि शेजारच्या पोरीला हाक मारा.

यंदा सीता कोण झाली, तेवढं मात्र आठवणीनं कळवा!