कळ काढा, असे सांगू नका

"कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच. थोडी कळ काढा." माझ्या मावशीच्या उशाशी बसून हे वाक्य मी तीन आठवडे ऐकले. भेटायला येणारे म्हणत, वॉर्डातले डॉक्टर म्हणत आणि सांगायला लाज वाटते, मीही म्हणालो. मावशीचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. रात्री कूस बदलताना ती पदराचा बोळा तोंडात धरायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईची झोप मोडू नये म्हणून. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि मणक्याला एकदाच किरणोपचार दिला. महिनाभरात ती खुर्चीत बसून मेथी निवडू लागली. कॅन्सर होता तिथेच होता. ते तीन आठवडे मात्र तिने विनाकारण भोगले, आणि माझे भांडण त्या 'विनाकारण'शी आहे.

'दुखणारच' म्हणणारी माणसे निर्दय नसतात. त्यांचे म्हणणे असे की, वेदना ही रोगाची सावली आहे. रोग हटला की ती हटेल, नाही हटला तर ती सोसण्यावाचून इलाज नाही. हे म्हणणे दोन्ही टोकांनी खोटे आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार रोग पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्क्यांना वेदना होत्या, म्हणजे तिघांतल्या एकाला नव्हत्या. उलट, बरे करण्यासाठीचे उपचार पूर्ण झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे दुखणे शिल्लक होते. रिपोर्ट स्वच्छ आल्यावरही काखेत आग होते, तळपायांना मुंग्या येतात असे सांगणाऱ्या बाईला घरचे म्हणतात, "आता काही नाही, मनाचे खेळ आहेत." ते मनाचे खेळ नसतात. शस्त्रक्रियेत काखेतल्या नसा दुखावतात, पॅक्लिटॅक्सेल किंवा व्हिनक्रिस्टिनसारखी औषधे हातापायांच्या नसांना इजा करतात. आणि याच गैरसमजाची दुसरी बाजू जिवावर बेतते. स्तनातली सुरुवातीची गाठ किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या गालातला पांढरा चट्टा बहुधा दुखत नाही, म्हणून माणसे दाखवायला महिनोन् महिने जात नाहीत.

रोगाचे मोजमाप वेदनेवरून होत नाही. मग वेदना येते कुठून? इथे आपली भाषा पुष्कळ डॉक्टरांच्या पुढे आहे. दुखण्याला मराठीत एक शब्द नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, ठुसठुस वेगळी. कॅन्सरच्या पेशी हाडात शिरल्या की तिथल्या हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव येतो, हाड आतून पोखरते आणि ठणका लागतो. तो रात्री वाढतो, हालचालीने उसळतो. आतडे अडले की कळ येते, ओसरते, पुन्हा येते. नस दाबली गेली की चमक मारते, आग होते, साधा कपडा लागला तरी सहन होत नाही. यकृताला स्वतःला दुखणे कळत नाही, पण ते सुजले की त्यावरचे आवरण ताणते आणि उजव्या बरगडीखाली जड ओढ लागते. प्रत्येकाचा उपाय निराळा. हाडाच्या ठणक्याला किरणोपचार, नसेच्या आगीला प्रीगॅबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन, सूज उतरवायला डेक्सामेथासोन, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटामागच्या नसांच्या जाळ्यात दिलेले इंजेक्शन. मावशी म्हणायची, "हाडात कुणी गिरमिट फिरवतंय गं बाई." तीन आठवडे हे वाक्य सगळ्यांनी ऐकले. दुसऱ्या डॉक्टरांनी ते केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले आणि लगेच मणक्याची तपासणी करवली. 'दुखणारच' म्हणणाऱ्याला हे शब्द ऐकूच येत नाहीत, कारण त्याच्या लेखी प्रश्न आधीच सुटलेला असतो.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. तिच्या जोडटिपांत म्हटले आहे की, माणूस दुखते म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, आणि बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही असे समजू नये. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरने जीभ गमावलेल्यांची संख्या पाहता हे दुसरे वाक्य मला फार मोलाचे वाटते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. "मॉर्फिन म्हणजे अफू. सवय लागेल. आणि मॉर्फिन दिले म्हणजे संपलेच." ही भीती निराधार नाही, हे मी मान्य करतो. अमेरिकेत १९९० नंतर अशी औषधे सढळ हाताने लिहिली गेली आणि तिथे घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. पण शरीराला औषधाची सवय होणे आणि माणूस व्यसनी होणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीत डोस हळूहळू उतरवता येतो. कॅन्सरच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत दुसरी क्वचित आढळते. श्वास मंदावण्याचा धोका चुकीच्या डोसात आहे; थोड्यापासून सुरुवात करून, मूत्रपिंड तपासून, दुखण्याप्रमाणे वाढवत नेल्यास तो फार कमी राहतो. हमखास होणारा त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. आणि 'संपलेच' म्हणाल, तर मॉर्फिन दुखणे पाहून सुरू करतात, किती दिवस उरले ते पाहून नव्हे. मावशी त्यानंतर अकरा महिने जगली.

आपला रोग अमेरिकेच्या उलट आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला तेव्हा भारतात वेदनाशमनाच्या गरजेच्या जेमतेम ४ टक्के औषध पोचत होते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की, पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. डॉक्टरांची एक पिढी ही गोळी हातात न धरता शिकून बाहेर पडली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थांना हे औषध ठेवणे सोपे झाले. त्यामुळे "कायदा आड येतो" ही सबब आता पुरत नाही.

उरतो तो भोगाचा युक्तिवाद. रमण महर्षींच्या हातावर सार्कोमा झाला होता, त्यांनी तो शांतपणे सोसला, असे दाखले दिले जातात. महर्षींनी काय सोसावे ते महर्षींनी ठरवले. माझ्या मावशीच्या वतीने ते ठरवायचा अधिकार मला कुणी दिला? बाईला 'सोशिक' म्हणून गौरवणाऱ्या घरांत तर ती शेवटपर्यंत दुखते म्हणतच नाही, आणि न सांगितलेल्या दुखण्यावर औषध लिहिले जात नाही.

काय करता येते, हे गुपित नाही. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे असाध्य रुग्णांचे शुश्रूषागृह, उघडले. दुखण्यात शरीराबरोबर पैशाची काळजी, मुलांची काळजी, मरणाची भीतीही दुखत असते, हे त्यांनी मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली साधी पद्धत सांगितली: शक्यतो तोंडाने, घड्याळ लावून, माणूस पाहून. साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो. दुखू लागल्यावर मागायचे नाही, दुखण्याआधी द्यायचे. त्याच वर्षी वांद्र्याला शांती अवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झाले, १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी हेच काम हाती घेतले आणि पुढे गावागावांत नेले. या साऱ्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती म्हणजे हात टेकणे, असे म्हणणाऱ्यांनी बोस्टनचा २०१० सालचा अभ्यास पाहावा. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना निदानानंतर लगेच ही सेवा जोडून दिली, ते इतरांपेक्षा बरे राहिले आणि सरासरी अधिक जगले.

प्रत्येक वेदना शून्यावर येते असे मी म्हणत नाही. नसेचे दुखणे चिवट असते. पण रात्रीची झोप लागणे, बसता येणे, घासभर जेवण गोड लागणे, एवढे बहुतेकांना मिळू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणा आजाऱ्याला भेटायला जाल तर सफरचंदांच्या पिशवीबरोबर कागद-पेन न्या. विचारा: कुठे दुखते, कसे दुखते, औषधाने किती तास थांबते? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. तिथूनही "कळ काढा" असे उत्तर आले, तर जवळचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र कुठे आहे ते त्यांनाच विचारा, आणि पत्ता मिळाल्याशिवाय उठू नका.