परिचारिकेलाही विचारा

वृद्धाश्रमातील जराजर्जर माणसाला रुग्णालयात केव्हा हलवावे, हे आपल्याकडे सहसा कुणी परिचारिकेला विचारीत नाही. प्रश्न सोडवावा लागतो मात्र तिलाच, आणि तोही बहुधा मध्यरात्री. डॉक्टर दूरध्वनीवर असतात, मुलगा परदेशी असतो, आणि दोघेही एकच सांगतात : पाठवा. न पाठविल्यास आणि काही बरेवाईट झाल्यास ठपका कुणावर येणार, हे ती पुरते ओळखून असते. मग मनाविरुद्ध रुग्णवाहिका बोलावली जाते.

पाश्चात्त्य देशांतील शुश्रूषागृहांच्या परिचारिकांनी अभ्यासकांपाशी हीच व्यथा मांडली आहे. (आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे खाजगी इस्पितळ; तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.) त्यांचे म्हणणे भाबडे नाही. मांडीचे हाड मोडले तर रुग्णालयावाचून गत्यंतर नाही, हे त्या जाणतात. परंतु स्मृतिभ्रंश झालेली वृद्धा अनोळखी खाटेवर भांबावते, नळ्या उपसते; मग तिचे हात बांधले जातात, पाठीला शय्याव्रण होतात, आणि ताप उतरून परतलेली बाई पुष्कळदा पूर्वीसारखी चालत नाही. रुग्णालयाच्या कागदावर ती ‘बरी’ झालेली असते!

कॅनडातील हॅमिल्टन भागातल्या २२ शुश्रूषागृहांत झालेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. न्यूमोनियाच्या रुग्णांना ठराविक पद्धतीने जागच्या जागी तपासून, तोंडावाटे प्रतिजैविके देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा शेकडा १० जणांनाच रुग्णालयात न्यावे लागले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण २२ होते. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय निर्देशास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सुलभ केली. तो निर्देश असाध्य अवस्थेपुरताच आहे, हे खरे. पण माणसाची इच्छा वेळीच लिहून घ्यावी, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. त्याआधी, २०११ साली, अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचारीवर्गाचे मत मोलाचे मानले होते. जे न्यायालयास मानवले, ते वृद्धाश्रमांच्या संचालकांना का मानवू नये?

वृद्धाची इच्छा प्रवेशाच्या वेळीच, नातेवाइकांसमक्ष नोंदवावी. रात्री प्रत्यक्ष येणारा डॉक्टर नेमावा, सलाईन व प्राणवायू यांची सोय ठेवावी, आणि हलविण्याच्या निर्णयाआधी परिचारिकेचे मत लेखी घ्यावे. यास खर्च येईल. दरमहा भरभक्कम शुल्क घेणाऱ्यांनी तो सोसला पाहिजे.