कीड म्हणायचे कोणाला?

इंग्लंडातला फेब्रुवारी महिना तिथल्या माणसांनाही फारसा आवडत नाही. नाताळची रोषणाई कधीच उतरलेली असते, आभाळ भिजलेल्या घोंगडीसारखे डोक्यावर लोंबत असते, आणि बागेत पाहावे तर चिखल आणि काटक्या. अशा दिवसांत, कधी कधी बर्फाच्या पातळ थरातूनच, बोटभर उंचीचे एक पांढरे फूल मान खाली घालून वर येते. त्याचे नाव स्नोड्रॉप. पाठोपाठ जांभळे, पिवळे क्रोकस येतात, मार्चमध्ये डॅफोडिल आणि एप्रिलमध्ये ट्युलिप. ज्याने चार महिने सूर्य नीट पाहिलेला नाही त्याला या फुलांचे काय वाटत असेल, हे आपल्याला पहिल्या पावसावरून समजू शकेल. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हा छंद उचलला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंद पुरायचे आणि वसंताची वाट पाहायची, हा आता त्यांच्याही वर्षाचा भाग झाला आहे.

कंद म्हणजे झाडाने स्वतःसाठी बांधून ठेवलेली शिदोरी. ट्युलिपचा कंद उभा चिरला तर आत एकावर एक जाड पाकळ्या दिसतात, कांद्यासारख्या. त्यांत पिष्ट साठवलेले असते आणि अगदी गाभ्यात पुढच्या फुलाची कळी तयार होऊन बसलेली असते. पण ही कळी सहजासहजी उठत नाही. तिला साधारण तीन-चार महिने कडक गारठा लागतो. थंडीत पिष्टाची साखर होत जाते, आणि हिवाळा खरोखरच सरला अशी जणू खात्री पटली की मगच देठ वर सरकतो. म्हणून तर ट्युलिपचा कंद पुण्या-मुंबईत आणून लावला तर एकदा फुलतो, तोही आधी शीतगृहात ठेवलेला असेल तरच. पुढच्या वर्षी तो आपल्याला ओळखही दाखवत नाही. आपल्याकडचे मे-फ्लॉवर किंवा कळलावी उन्हाळाभर जमिनीखाली झोपतात आणि पावसाच्या चाहुलीने जागे होतात. तिकडचे कंद थंडीच्या भरवशावर झोपतात. हिशेब एकच, फक्त ऋतू वेगळा.

आता शिदोरी म्हटली की तिच्यावर डोळा ठेवणारेही आलेच. नुकतीच उकरलेली भुसभुशीत माती पाहिली की करडी खार ट्युलिप आणि क्रोकसचे कंद अलगद काढून नेते. क्रोकस फुलले की चिमण्या त्यांच्या पाकळ्या, त्यातही पिवळ्या, चोचीने फाडून टाकतात. मुंटजॅक नावाचे बुटके हरीण रात्री येऊन ट्युलिपच्या कळ्या देठापर्यंत खुडते. ओलसर रात्री गोगलगाई कोवळ्या पानांना भोके पाडतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक माशी डॅफोडिलच्या मानेशी अंडे घालते आणि तिची अळी कंदात शिरून तो आतून पोखरते. शिवाय डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतातच. पहिल्या महायुद्धाच्या काळात या सूत्रकृमींनी इंग्लंडमधला डॅफोडिलचा व्यापार बुडवायची वेळ आणली होती. शेवटी कंद सुमारे ४४ अंश सेल्सिअस पाण्यात तीन-चार तास ठेवायचे, म्हणजे कृमी मरतात आणि कंद जगतो, असा साधा उपाय सापडला आणि धंदा वाचला. तो उपाय अजूनही चालतो.

ही यादी वाचून कोणाही बागवेड्या माणसाचे रक्त तापावे. तसे ते तापतेही. मग शेडमधल्या फळीवर बाटल्या जमू लागतात, एक मारायची, एक पळवायची, एक शिंपडायची. आणि नेमका इथेच मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. कीड म्हणजे नक्की कोण? हे नाव त्या प्राण्याच्या अंगावर लिहिलेले असते की आपण त्याला चिकटवतो?

उत्तरासाठी ट्युलिपच्याच इतिहासात डोकावू. मध्य आशियाच्या डोंगरांतले हे फूल तुर्कस्तानच्या बागांमार्गे सोळाव्या शतकात युरोपात पोहोचले. १५९३ मध्ये कॅरोलस क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ हॉलंडमध्ये लायडनला आला, आणि पुढच्याच वसंतात तिथल्या विद्यापीठाच्या बागेत त्याची ट्युलिप फुलली. पुढे या फुलाने त्या देशाला वेड लावले. सर्वांत जास्त मागणी होती ती पांढऱ्या पाकळीवर लाल ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या फुलांना. ‘सेम्पर ऑगस्टस’ हे त्यांतले सर्वांत नामांकित. कुशल कारागिराच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीएवढी किंमत अशा एका कंदाला येत होती. फेब्रुवारी १६३७ मध्ये हा बाजार कोसळला.

गंमत अशी, की ते पट्टे कोणालाही मुद्दाम काढता येत नव्हते. साधे एकरंगी फूल एखाद्या वर्षी अचानक पट्टेदार होई. का, ते जवळपास तीनशे वर्षे कोणालाच उमगले नाही. १९२८ मध्ये लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत डोरोथी केली या संशोधिकेने दाखवून दिले, की हा एक संसर्ग आहे आणि तो रोगट कंदातून निरोगी कंदात जातो. तो विषाणू होता. आणि तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारा वाहक कोण, तर मावा! ज्या फुलासाठी माणसे घरदार गहाण टाकायला निघाली, त्याचे सौंदर्य म्हणजे माव्याने पसरवलेला आजार होता. आजारी कंदाला पिल्ले कमी येतात, म्हणून तो दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून महाग. आज तोच मावा दिसला की आपण फवारा उचलतो. त्या काळच्या डच व्यापाऱ्याला हे कळते, तर त्याने माव्याला देव्हाऱ्यात बसवले असते.

आज बाजारात मिळणारी पट्टेदार ट्युलिप निरोगी असतात. त्यांचे पट्टे संकरातून आलेले आहेत. परंतु यॉर्कशरमधल्या वेकफिल्डला १८३६ मध्ये स्थापन झालेली ट्युलिपप्रेमींची एक संस्था अजूनही ती जुनी ‘आजारी’ ट्युलिप जपते आणि दरवर्षी त्यांचे प्रदर्शन भरवते. तिथे फुले चांदीच्या फुलदाणीत ठेवत नाहीत, बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठेवतात. एकेकाळी कष्टकरी कारागिरांचा हा छंद होता, त्याची ती खूण. रोगालाही माया लावणारी माणसे जगात असतात, हे समजले की मन जरा सैल होते.

दुसरी गोष्ट ‘उपऱ्यां’ची. करड्या खारीला इंग्रज माळी परकी चोरटी म्हणून शिव्या घालतो. ती परकी आहे हे खरेच. पण ती पोहत आली नाही. १८७६ पासून अमेरिकेतून आणून तिला तिथल्या उद्यानांत हौसेने सोडले गेले. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. एका उमरावाच्या वोबर्न येथील उद्यानात शोभेसाठी तो आणला गेला आणि विसाव्या शतकात तिथून रानोमाळ पसरला. आणि ज्या ट्युलिपसाठी हे भांडण, ती तरी कुठली? आशियातली. इंग्रजांना अगदी आपला वाटणारा स्नोड्रॉपसुद्धा बहुधा माणसानेच युरोप खंडातून तिथे नेलेला. म्हणजे आशियातले फूल, चीनचे हरीण आणि अमेरिकेची खार या सर्वांना एका कुंपणात आणून सोडले माणसाने, आणि भांडण सुरू झाल्यावर पंच म्हणून काठी घेऊन उभा राहिलाही माणूसच!

या पार्श्वभूमीवर २०२२ साली घडलेली एक छोटी गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जाहीर केले, की यापुढे आपण गोगलगाईंना ‘कीड’ म्हणणार नाही. बागायतदारांच्या सर्वांत मोठ्या संस्थेने, बागायतदारांच्या सर्वांत जुन्या वैऱ्याबद्दल हे म्हणावे! कारण साधे होते. ब्रिटनमध्ये शंख नसलेल्या गोगलगाईंच्या ४४ जाती आहेत आणि त्यांतल्या अवघ्या नऊ बागेतली झाडे खातात. उरलेल्या कुजका पाचोळा खाऊन त्याचे खत करतात, शिवाय पक्षी, बेडूक आणि हेजहॉग या काटेरी प्राण्याचे त्या अन्न आहेत. त्याच वर्षीच्या वसंतात तिथे मेटाल्डिहाइड या गोगलगाईंच्या विषाच्या गोळ्यांवरही बंदी आली, कारण त्या गोळ्या पक्ष्यांच्या आणि हेजहॉगच्याही जिवावर उठत होत्या. गोगलगाय मारायला जावे आणि गोगलगाय खाणाराच मरावा, याला शहाणपण कसे म्हणायचे?

इथे वाचकांतला एखादा शेतकरी मला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. त्याच २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचे कोवळे पीक रातोरात फस्त केले. दुबार पेरणी करूनही अनेकांच्या हाती काही लागले नाही. त्या माणसासमोर जाऊन ‘गोगलगाईला कीड म्हणू नका’ असे सांगणे हा निर्लज्जपणा होईल. पीक म्हणजे त्याच्या मुलीची फी असते, सावकाराचे व्याज असते. तो गोगलगाई वेचील, चुन्याची रेघ ओढील, प्रसंगी विषही वापरील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, उलट ते अधिक नेमके करतो. कीड ही जात नव्हे, ते नाते आहे. कोणाचे काय जाते, यावर ते ठरते. शेतकऱ्याची भाकरी जाते. बागवाल्याची चार फुले जातात. या दोन नुकसानींना एकच शब्द आणि एकच औषध वापरणे ही खरी गफलत आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, तेव्हा लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. ज्या कंदासाठी पूर्वजांनी सोने मोजले, त्याच्या गाभ्यातला कडू कोंब काढून टाकून उरलेला भाग मुलांच्या ताटात वाढला. त्या दिवसांत माणूस आणि खार यांच्यात काय फरक उरला होता? भूक लागली की सगळेच कंद उकरतात.

मग हौशी माळ्याने करावे तरी काय? हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. जाणकार माळी आधी निवड शहाणपणाने करतो. डॅफोडिल आणि स्नोड्रॉप यांच्या कंदात विषारी द्रव्ये असतात. खार आणि हरीण सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. (याच कुळातल्या वनस्पतींतून मिळालेले गॅलंटामीन आज विस्मरणाच्या आजारात औषध म्हणून दिले जाते. एकाचे विष ते दुसऱ्याचे औषध, ते असे.) ट्युलिप लावायचीच तर कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल पुरावीत आणि वर कोंबडीच्या खुराड्याची जाळी अंथरावी. कोंब जाळीतून वर येतात, खारीची नखे आत जात नाहीत. गोगलगाईंसाठी अंड्याची टरफले आणि तांब्याची पट्टी असले घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याच सोसायटीने असे उपाय तपासून पाहिले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर केला, की त्यांनी काही फरक पडत नाही. त्यापेक्षा बेडकासाठी एक डबके आणि हेजहॉगसाठी कुंपणाखाली हातभर फट ठेवणे अधिक कामाचे. आणि शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त. शंभर कंद हवे असतील तर सव्वाशे लावावेत. वरचे पंचवीस शेजाऱ्यांचे.

फवारा मात्र उचलण्याआधी दहादा विचार करावा. थंडीत एकटी जगून राहिलेली भुंगमाशीची राणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उपाशीपोटी बाहेर पडते, तेव्हा तिला आसपास मिळणारे अन्न म्हणजे बहुतेक वेळा हेच क्रोकस आणि स्नोड्रॉप. त्या एका राणीच्या पोटी त्या वर्षीची सगळी वसाहत असते. त्या फुलावर विष असेल तर एक माशी मरत नाही, एक अख्खे गाव उजाड होते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन प्रमुख कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर थांबवला, तो मधमाश्यांच्या आणि अशा माश्यांच्या काळजीपोटीच.

हे सारे सातासमुद्रापारचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या गॅलरीतल्या जास्वंदीवर मावा आला की आपला हातही आधी बाटलीकडेच जातो. दोन दिवस थांबलो, पानाखाली वाकून पाहिले, तर पुष्कळदा तिथे ठिपक्यांचा ढालकिडा आणि त्याची अळी कामाला लागलेली दिसते. फवाऱ्याने मावा मरतो आणि ढालकिडाही मरतो. पण मावा आठवड्यात परत येतो, ढालकिडा येत नाही. मग पुन्हा बाटली आणावी लागते. हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा, हे बाटली विकणाऱ्याला विचारावे.

आपल्या घरांत पूर्वी जेवणाआधी चित्राहुती घालत, गाईचा, कावळ्याचा घास काढून ठेवत. त्यामागची श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. पण ताटातले सगळेच आपले नसते, ही जाण त्यात होती. बागेलाही तीच लागू करायला काय हरकत आहे? चार पानांना भोके असलेली बाग ही आजारी बाग नव्हे. तिथे कोणीतरी जेवून गेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या बागेत एकाही पानाला भोक नाही, एकही कळी कुरतडलेली नाही, तिथे मात्र जरा थांबून चौकशी करावी, की इथले सगळे गेले कुठे?