खड्ड्यावरचा अभंग

शाळेत वृत्त शिकवतात ते ओळखण्यापुरतं. लघु-गुरूच्या खुणा करायच्या, तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे, 'भुजंगप्रयात' लिहून गुण घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. चार 'य' गण, 12 अक्षरं हे घोकणाऱ्या मुलाला कुणी सांगत नाही की, घरात म्हटले जाणारे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. माझं म्हणणं एवढंच : काव्यप्रकार ओळखायला नव्हे, रचायला शिकवा.

मोठा अभंगच घ्या. चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. लघु-गुरूचा जाच नाही, बोटांवर मोजता येतं. आमच्या रस्त्यावर एक रचून पाहिला :

रस्त्यावर खड्डा । खड्ड्यामध्ये पाणी ।
पाण्यामध्ये गाणी । बेडकांची ॥

तुकोबा माफ करतील. पण टोला कुठे बसतो बघा : तोकड्या चौथ्या चरणावर. तिथे 'बेडकांची सारी' करा. अक्षरं सहा भरतात आणि टोला बोथट होतो. ही गोष्ट व्याख्या पाठ करून कळत नाही, ओळ बिघडवून कळते.

ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा इथेही आखूड, पण अक्षरांचा हिशेब सैल. म्हणून ज्ञानेश्वरीत दृष्टान्त हवा तसा पसरतो आणि चौथ्या चरणाशी येऊन टेकतो. गझलेत प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा. वृत्त, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द) मात्र शेवटपर्यंत सांभाळायचे. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती रचणाऱ्याच्या बाजूने. बाराखडी गिरवायचीच असते.

'आता सगळा मुक्तछंदच, हे कशाला?' असं कुणी विचारेल. मराठीत मुक्तछंद रुजवला कवी अनिलांनी. त्याच अनिलांनी पुढे दहा ओळींची 'दशपदी' घडवली आणि त्या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बंधन झुगारता येणारा कवी नवं बंधन आपणहून घेतो, तेव्हा त्याला त्यातून काहीतरी मिळत असणार.

तेव्हा परीक्षेत 'वृत्त ओळखा'च्या जोडीला एक प्रश्न हवा : आपल्या गल्लीवर अभंगाचे चार चरण रचा. विषयांचा तुटवडा पडणार नाही, याची काळजी नगरपालिका घेईलच.