वाटेला राखणदार हवा

गेल्या दिवाळीनंतरच्या विकांताला आम्ही तिघे धोडपला गेलो होतो. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने वडाळीभोई, तिथून आत धोडांबे आणि पुढे पायथ्याचं हट्टी गाव. या आधी चार-पाच वेळा जाऊन झालं होतं, त्यामुळे किल्ला पुन्हा बघणे हा उद्देश नव्हता. धोडपच्या बाजूने पूर्वेला कांचनकडे आडवं जायचं, असा बेत होता. सगळे गडावर जातात, आपण गडाच्या भोवती फिरू, एवढीच काय ती आमची कल्पकता :)

जालावरून एक ट्रॅक उतरवून फोनमध्ये टाकला होता. तिघेही सॉफ्टवेअरवाले, म्हणजे फाइल हाताशी असली की आत्मविश्वासाला तोटा नाही. इखारा सुळक्याच्या पोटाखालून तासभर मस्त चाललो. मग गवत कमरेएवढं झालं आणि पायाखालची वाट हळूच नाहीशी झाली. फोनवरची रेघ मात्र ठणठणीत! ती म्हणत होती, डावीकडे जा. आम्ही डावीकडे गेलो.

"ओ भाऊ, तिकडं कुठं चालले? तिकडं कडा हाये!"

वरच्या टप्प्यावर एक म्हातारे बाबा चार म्हशी घेऊन उभे होते. आम्ही जागच्या जागी थांबलो. पुढे जाऊन हळूच डोकावलं तर खरंच, गवत संपत होतं तिथे जमीनही संपत होती.

घरी आल्यावर ती फाइल उघडून नीट पाहिली. ज्याने ट्रॅक नोंदवला होता तो स्वतःच त्या जागी चुकला होता. रेघ कड्यापर्यंत जात होती, तिथे घोटाळत होती आणि परत मागे येत होती. त्यात कड्याजवळ उपग्रहाचा सिग्नल खडकावर आपटून येतो, त्यामुळे फोन तुम्हाला खुशाल दहा-वीस मीटर पलीकडे दाखवू शकतो. म्हणजे आम्ही एका चुकलेल्या माणसाच्या चुका बिनचूक गिरवत होतो. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात.

बाबा आमच्याबरोबर पाऊण तास चालले. वाटेत त्यांनी पाच-सहा जागांची नावं सांगितली. ओढ्याचं एक, सपाटीचं एक, एका जागेचं नाव तर तिथून पडलेल्या कुणाच्या तरी म्हशीवरून. यातलं एकही नाव मी पाहिलेल्या कुठल्याही नकाशात नाही. मी विचारलं, "बाबा, ही वाट गावात अजून कोणाला माहीत आहे?"

ते म्हणाले, "होती सगळ्यांना. पोरं आता येत नाही इकडं. जनावरंच नाही राहिली, तर वाट कशाला राहील?"

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा लेख.

आपण समजतो की डोंगरातल्या वाटा डोंगराइतक्याच जुन्या आणि टिकाऊ असतात. तसं मुळीच नाही. वाट ही वापराने टिकते. गुरं रोज गेली की गवत दबतं, माती घट्ट होते, काटेरी फांद्या मोडतात. दोन पावसाळे कोणी फिरकलं नाही की संपलं. हट्टीचा माणूस आता टोमॅटो आणि कांदा घेऊन पिंपळगावच्या बाजारात जातो, मुलगा पिकअप चालवतो. ते चांगलंच आहे, त्याने आपल्या हौसेसाठी म्हशी वळाव्यात असं म्हणण्याचा मला काहीच अधिकार नाही. पण त्या वाटांची माहिती सध्या दोन-चार म्हाताऱ्या डोक्यांत आहे आणि तिचा बॅकअप कुठेही नाही.

आणि या काही ऐऱ्यागैऱ्या वाटा नाहीत. सातमाळा रांगेत अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचन, राजदेहेर, इंद्राई, चांदवड अशी ओळच उभी आहे. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून परतताना, ऑक्टोबर १६७० मध्ये, शिवाजी महाराजांची फौज याच रांगेतल्या कांचनबारीतून आली आणि वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली. १७६८ साली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला तो याच धोडपला. आपण तारखा पाठ करतो, पण कुठल्या खिंडीतून कुठे उतरता येतं हे माहीत असणारी माणसं होती म्हणून त्या तारखा घडल्या, हे विसरतो.

आता जरा लांबची उडी मारतो. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त इटलीत तोरिनोला काही महिने होतो. हापिसातल्या लोकांनी सांगितलं म्हणून एका विकांताला ग्रान पारादिसो उद्यानातल्या कोन्ये गावी गेलो. जवळच वालनोन्ते नावाची छोटी वस्ती आहे, जिथून चढाई सुरू होते. ती वस्तीच साधारण आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) उंचीवर! म्हणजे आपला राज्यातला सर्वोच्च माथा संपतो तिथे यांचं पार्किंग सुरू होतं. असो.

मी थक्क झालो ते शिखरांपेक्षा एका साध्या पाटीने. चौकात एक खांब, त्याला पाच-सहा पाट्या. प्रत्येकीवर वाटेचा क्रमांक, कुठे जाते ते आणि किती वेळ लागतो ते. अंतर नाही, वेळ! डोंगरात 'चार किलोमीटर' याला काही अर्थ नसतो, 'अडीच तास' याला असतो. पुढे वाटेवर ठरावीक अंतराने दगडांवर रंगाच्या खुणा. वर २५८४ मीटरवर वित्तोरियो सेल्ला नावाची निवारा-झोपडी आहे. तिथपर्यंत मी एकटा, भाषा येत नसताना, कोणालाही न विचारता पोचलो. ती वाट मूळची राजा दुसऱ्या वित्तोरियो एमान्युएलेच्या शिकारीसाठी बांधलेली, घोडा चढेल अशा बेताच्या चढाची. राजा गेला, राजेशाही गेली, शिकारीचं रान १९२२ साली राष्ट्रीय उद्यान झालं. वाट मात्र राहिली. कारण ती राखणारं कोणी ना कोणी तरी कायम होतं. इटलीचा अल्पाइन क्लब १८६३ चा आहे आणि त्याच्या गावोगावच्या शाखा आजही वाटांच्या खुणा नव्याने रंगवतात, पडलेली झाडं बाजूला करतात.

यावर लगेच कोणी म्हणेल, झालं, आला परदेशातून आणि लागला शिकवायला. तसं नाही. आल्प्समधल्या सगळ्याच गोष्टी उचलण्यासारख्या नाहीत. तिकडे कित्येक डोंगरांवर रोपवेच्या तारा आहेत, बर्फावरच्या घसरगुंडीसाठी उतारच्या उतार तासले आहेत. आपल्याकडे 'पर्यटनविकास' म्हटलं की नेमकं तेवढंच डोळ्यासमोर येतं. रोपवे, लोखंडी कठडे, सिमेंटच्या पायऱ्या, प्रवेशद्वाराची कमान. यातली एकही गोष्ट त्या बाबांच्या वाटेला उपयोगाची नाही. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे ती पाटी. ती मात्र कोणालाच सुचत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: गड एकेकटा धरण्याऐवजी गाव धरा. हट्टीसारख्या एका गावाने आपल्या भोवतीच्या पाच-सहा वाटा निवडाव्यात. नावं गावाने द्यावीत, ओढ्या-टेपाडांच्या जुन्या नावांसकट. वेळ गावाने लिहावा (गावकऱ्याचा एक तास म्हणजे आपले दोन, तेवढं फक्त धरून चालावं). खुणा दगडावर कराव्यात, झाडावर नाही. आणि दर वर्षी पावसाळा संपला की गावातल्याच माणसांनी गवत कापून वाट मोकळी करावी, रोख मजुरी घेऊन.

पैसा? कच्चा हिशोब करू. सहा वाटा, प्रत्येक वाटेला चार माणसं दोन दिवस, म्हणजे ४८ रोज. ५०० रुपये रोज धरला तर २४,००० रुपये. वर्षाला ५०० भटक्यांनी ५० रुपये दिले तर २५,००० होतात. आपण जाताना हायवेवर चहा आणि मिसळीला याहून जास्त घालवतो. व्यवहार बघायला ग्रामपंचायत आहे, रान वनखात्याचं असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते. नवीन महामंडळ काढायची गरज नाही.

एक आक्षेप मला स्वतःलाच पटतो. खुणा केल्या की गर्दी येईल. पण मंडळी, गर्दी तर आलेलीच आहे! हरिहरच्या कातळपायऱ्यांवर पावसाळ्यात माणसं मुंग्यांसारखी अडकलेले व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. सगळ्यांना एकच जागा माहीत, म्हणून सगळे एकाच जागी. तरी काही जागा खुणांशिवायच राहाव्यात हेही खरं. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, जिच्या नावातच अंजनेरी आहे. गिधाडांची घरटी असलेले कडे आहेत. कुठे पाटी लावायची नाही, हेसुद्धा कोणीतरी जबाबदारीने ठरवायला हवं.

दुसरा आक्षेप, 'बाण तर आहेतच की'. आहेत ना! प्रत्येक ग्रुपने आपापल्या रंगात काढलेले, शेजारी ग्रुपचं नाव. काही बरोबर, काही चूक, काही अर्ध्यातच संपलेले. चूक बाण पुसायची जबाबदारी कोणाचीच नाही. आमच्याकडे असा कोड असतो, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि हात लावायला सगळे घाबरतात. रंग कोणीही मारेल. पुढच्या वर्षी तो बघायला कोण येणार, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून वाटेला राखणदार हवा, आणि तो पायथ्याच्या गावातलाच हवा. नाशिकमध्ये वैनतेयसारख्या जुन्या गिर्यारोहण संस्था आहेत, जाणती माणसं आहेत. त्यांनी मदत करावी, मोजमाप शिकवावं. पण किल्ली गावाकडे राहू द्यावी.

निघताना बाबांना पैसे देऊ केले तर घेईनात. "वाट दाखवायचे कसले पैसे?" म्हणाले. मोठेपणा त्यांचा. पण त्यांच्या या मोठेपणावर आपण किती वर्षं फुकट चालणार आहोत? पुढच्या महिन्यात आम्ही तिघे वही-पेन घेऊन परत हट्टीला जातोय. फोनही असेल, पण या वेळी बाबा पुढे आणि फोन मागे. निदान ती पाच-सहा नावं तरी, स्पेलिंगच्या चुकांसकट का होईना, कुठेतरी लिहून ठेवायची आहेत. म्हशीवरून पडलेलं नाव तर नक्कीच.