फ्लॉरेन्सभोवतीची शेतं टिकली, पालेगावभोवतीची टिकतील?

अंबरनाथ पूर्वेचं पालेगाव नावाने अजून गावच आहे. पण गेल्या काही वर्षांत इथे एकामागून एक टोलेजंग गृहसंकुलं उभी राहिली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेल्या हजारो कुटुंबांचा हा पत्ता झालाय. अंबरनाथ आणि बदलापूरच्या दरम्यान चिखलोली हे नवं रेल्वे स्थानक मंजूर आहे. म्हणजे वस्ती आणखी वाढणार.

याच घरांमध्ये मोबाईलवर इटलीतल्या टस्कनीची रील्स पाहिली जातात. फ्लॉरेन्स शहराबाहेरच्या हिरव्या टेकड्या, द्राक्षमळे, दगडी घरं. खिडकीबाहेरही डोंगर आहेतच. मग तिथला ग्रामीण भाग जगभर ओळखला जातो आणि इथला फक्त पावसाळ्यातल्या धबधब्यांपुरता का उरतो? समजून घेऊया.

फ्लॉरेन्सच्या बाहेर नेमकं काय घडलं?

दुसऱ्या महायुद्धानंतर टस्कनीतले शेतकरी गावं सोडून शहरात निघाले. घरं ओस पडू लागली. इटलीने 1985 मध्ये कृषी पर्यटनाचा राष्ट्रीय कायदा केला आणि 2006 मध्ये त्याची नव्याने मांडणी केली. त्यातली मुख्य अट साधी आहे: पाहुणे ठेवणारा माणूस शेतकरी हवा आणि शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहायला हवा. पर्यटन हा जोडधंदा. पाहुण्यांच्या ताटातही स्वतःच्या शेतातलं आणि परिसरातलं अन्न ठरावीक प्रमाणात असावं लागतं.

आज इटलीत अशी 25 हजारांहून अधिक ठिकाणं आहेत आणि टस्कनी त्यात आघाडीवर आहे. थोडक्यात, पर्यटकाला जे दृश्य आवडतं, ते राखणाऱ्याच्या हातात पैसा जाईल अशी सोय कायद्याने केली.

शहरांचं चित्र मात्र वेगळं आहे. गर्दीला कंटाळून व्हेनिसने 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांवर 5 युरो शुल्क लावलं. फ्लॉरेन्सने 2023 मध्ये जुन्या शहरात पर्यटकांना भाड्याने देण्याच्या नव्या घरांना मनाई केली. चार प्रसिद्ध जागी सगळे धावले की जागाही थकते आणि तिथे राहणारेही, हे त्यांना कळून चुकलंय.

आपल्याकडे गर्दी कुठे जाते?

इथेही तेच, फक्त ऋतू पावसाळ्याचा. बदलापूरजवळचं कोंडेश्वर आणि बारवी धरणाचा परिसर इथे मुंबई-ठाण्याहून लोंढे येतात. कोंडेश्वरच्या कुंडात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्याही येतात. ऑगस्ट 2022 मध्ये घाटकोपरहून आलेले चार तरुण इथेच बुडाले. मग प्रशासन जमावबंदी लावतं, पोलीस नाक्यावरून गाड्या परत पाठवतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

बंदीमुळे जीव वाचतात, त्यामुळे ती चुकीची म्हणता येणार नाही. पण बंदी म्हणजे नियोजन नव्हे. रविवारी येणारा माणूस खाणं-पिणं सोबत आणतो, दोन तास भिजतो, प्लास्टिक टाकून निघून जातो. गावाच्या वाट्याला कचरा येतो, कमाई नाही.

बघण्यासारखं आणखी काय आहे?

अंबरनाथचं शिवमंदिर. शिलालेखानुसार शके 982, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं हे मंदिर काळ्या दगडातल्या कोरीव कामासाठी अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. मंदिर वालधुनी नदीच्या काठावर आहे. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पुढे रासायनिक सांडपाण्याने काळवंडते. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वीचं शिल्प आणि आजचं प्रदूषण एकाच जागी उभं राहून दिसतं.

पलीकडे मलंगगडाचे सुळके आहेत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या विकायला आणतात. हे सगळं लोकलच्या अंतरावर आहे, पण रीलमध्ये क्वचितच दिसतं.

मग अडचण काय?

पहिली अडचण आकड्यांची. 2011 च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या सुमारे अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाख होती. फ्लॉरेन्सची साधारण 3 लाख 60 हजार. म्हणजे आपण ज्यांना मुंबईची उपनगरं म्हणतो, ती दोन गावं मिळून तेव्हाच फ्लॉरेन्सपेक्षा मोठी झाली होती. टस्कनीत शेतं ओस पडण्याची भीती होती, इथे ती बिल्डरला विकली जाण्याची आहे.

दुसरी अडचण पैशाची. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यानुसार शेतकऱ्याला नोंदणी करून प्रमाणपत्र मिळवता येतं आणि त्याआधारे बँकेकडे कर्ज मागता येतं. पण गुंठ्याचा भाव वाढत असताना चार पाहुण्यांना झुणका-भाकर वाढून जमीन राखा, असं सांगणं सोपं आणि करणं अवघड. त्यामुळे बदलापूर-वांगणी-कर्जत पट्ट्यात ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणत फार्महाऊसचे प्लॉट विकले जातात. निसर्ग जाहिरातीत राहतो, शेतकरी व्यवहारातून बाहेर जातो.

याचा शहराशी काय संबंध?

27 जुलै 2019. उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पाऊस प्रचंड होता हे खरंच. पण नदीकाठची शेतं, पाणथळ जागा आणि ओढे पाणी पसरायला जागा देतात. त्यावर भराव पडला की तेच पाणी रुळांवर आणि इमारतींच्या तळमजल्यात शिरतं. बारवीचं पाणी ठाणे जिल्ह्यातले कारखाने आणि शहरं वापरतात. त्यासाठी गावं-पाडे विस्थापित झाले. पालेगावच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठीही हा ग्रामीण भाग म्हणजे केवळ ‘व्ह्यू’ नाही.

इटलीचा कायदा इथे जसाच्या तसा चालणार नाही. पण त्यातला एक प्रश्न उचलण्यासारखा आहे: फिरायला आलेल्या माणसाचा पैसा नक्की कुणाच्या खिशात जातो? पुढच्या रविवारी धबधब्याऐवजी शिवमंदिर पाहिलं आणि परतताना स्टेशनबाहेर बसलेल्या मावशींकडून भाव न करता रानभाजी घेतली, तर त्याचं थोडं उत्तर मिळेल. उरलेलं उत्तर नगरपालिकांच्या विकास आराखड्यात आहे. तो हरकतींसाठी खुला झाला की वाचायला विसरू नका.