दिलेले कर्ज आणि राहिलेला जामीन

गेल्या महिन्यात भोसरीतील एका परिचित कुटुंबाच्या बैठकीस बसण्याचा योग आला. तीन पिढ्यांचा उद्योग आहे. मोटारींना लागणारे पत्र्याचे सुटे भाग ते चाकणच्या कारखान्यांना पुरवितात. धाकट्या भावाचा मुलगा जर्मनीत शिकून तेथेच स्थिरावला. तेथे स्वतःची कंपनी काढून गोदाम घ्यावे, म्हणजे युरोपातील ग्राहकांना माल दारात मिळेल, असा त्याचा प्रस्ताव होता. कागदावर तीन आकडे मांडलेले होते: भागभांडवल एक कोटी, येथील कंपनीने द्यावयाचे कर्ज तीन कोटी आणि तेथील बँकेस द्यावयाची हमी आठ कोटी.

सर्वांचे बोलणे झाल्यावर आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "हे आठ कोटी कोणाच्या खात्यावर नावे टाकायचे?" पुतण्या म्हणाला, "आजोबा, ते पैसे आपण देतच नाही. ती केवळ हमी आहे." आजोबा म्हणाले, "जामीन राहिलेल्या माणसाने ती रक्कम दिली असेच समजून झोपावे."

आजोबांचे हे वाक्य आणि रिझर्व्ह बँकेचा नियम यांत फारसे अंतर नाही. भारतातून परदेशी जाणाऱ्या थेट गुंतवणुकीची आकडेवारी रिझर्व्ह बँक दरमहा प्रसिद्ध करते. तीत तीन रकाने असतात: भागभांडवल, कर्ज आणि हमी. वृत्तपत्रांतून आपण वाचतो ती बहुधा तिन्हींची बेरीज असते. पहिल्या दोन रकान्यांतील पैसा येथून निघालेला असतो. तिसऱ्यातील केवळ शब्द दिलेला असतो. म्हणून एकूण आकडा वाढला की गुंतवणूक वाढली, असा निष्कर्ष घाईने काढू नये. एखाद्या मोठ्या उद्योगाच्या एका हमीनेही त्या महिन्याची बेरीज फुगते.

परदेशातील स्वतःच्याच कंपनीस भांडवलाऐवजी कर्ज का द्यावे? कारणे व्यवहाराची आहेत. भांडवलावर लाभांश मिळतो, पण तो नफा झाला तरच. कर्जावरील व्याज ठरल्या दिवशी येणे होते. भांडवल परत आणावयाचे तर भाग विकावे लागतात किंवा भांडवल घटविण्याची लांबलचक प्रक्रिया करावी लागते. कर्ज हप्त्यांनी परत घेता येते. शिवाय दिलेले व्याज तेथील कंपनीच्या खर्चात धरले जाते, लाभांश धरला जात नाही. म्हणूनच मोठे उद्योग परदेशी पाऊल टाकताना दोन्हींचे मिश्रण करतात.

आपल्याच पट्ट्यातील उदाहरण पाहा. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ साली ऑस्ट्रियातील केटीएम या मोटारसायकल कंपनीत सुमारे साडेचौदा टक्के भाग घेतले. पुढे भागीदारी वाढत गेली, आणि मॅटिगहोफेन गावच्या त्या कंपनीच्या गाड्या चाकणमध्ये तयार होऊ लागल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र केटीएमने तेथील न्यायालयात पुनर्रचनेसाठी अर्ज केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी आपल्या येण्याच्या ३० टक्के रक्कम रोख घेऊन उरलेल्यावर पाणी सोडण्याचे मान्य केले. ही रोख आणि कारखाना पुन्हा सुरू करण्याचा खर्च उभा करण्यासाठी बजाजने मे २०२५ मध्ये ८० कोटी युरोची योजना जाहीर केली. तिचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे: ही सारी मदत कर्जरूपाने होती. २० कोटी युरो आधीच दिलेले होते. उरलेल्या ६० कोटींत ४५ कोटींचे तारणी मुदत कर्ज आणि १५ कोटींचे परिवर्तनीय कर्जरोखे, म्हणजे पुढे भागांत बदलता येणारे रोखे. हा पैसा उभारण्यासाठी बजाजच्या नेदरलँड्समधील उपकंपनीने परदेशी बँकांकडून ५६.६ कोटी युरोचे कर्ज घेतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केटीएमच्या पालक कंपनीचे नियंत्रण बजाजकडे आले. अडचणीत धनको म्हणून शिरावे, तारण घ्यावे आणि योग्य वेळी मालक व्हावे, असा हा क्रम.

दुसरे उदाहरण याहून जुने. पिंपरीत कारखाना असलेल्या टाटा मोटर्सने २००८ च्या जूनमध्ये जग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतली, ती ३०० कोटी डॉलरच्या अल्पमुदतीच्या कर्जावर. काही महिन्यांतच जागतिक मंदी आली. ते कर्ज फेडण्यासाठी कंपनीला हक्कभाग काढावे लागले, कर्जरोखे विकावे लागले. खरेदी पुढे फळास आली. पण मधले वर्ष किती कठीण गेले, हे त्या काळी पिंपरीत पुरवठा करणाऱ्या कोणासही विचारावे.

मोठ्यांना बँका वेळ देतात. आपल्यासारख्यांनी नियम आणि ऐपत दोन्ही नीट मोजावीत. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांतील काही गोष्टी आपल्या कुटुंबांस ठाऊक असाव्यात.

परदेशी कंपनीस कर्ज किंवा हमी देण्याचा अधिकार कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी आणि नोंदणीकृत भागीदारी पेढी यांना आहे. हिंदू अविभक्त कुटुंब आणि नोंदणी नसलेली भागीदारी त्यात येत नाहीत. एखाद्या व्यक्तीला भागभांडवल घेता येते, तेही दरवर्षीच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. परदेशी कंपनीला थेट कर्ज देता येत नाही. कर्ज देण्यापूर्वी त्या कंपनीत भाग घेतलेले असावेत आणि तिच्यावर नियंत्रण असावे. कर्जाचा लेखी करार हवा, व्याज बाजारभावाचे हवे. घरच्या मुलाला बिनव्याजी दिले, ही भाषा येथे चालत नाही. येणे झालेले व्याज ९० दिवसांत भारतात आणावे लागते. हमी बेमुदत देता येत नाही. रक्कम आणि मुदत दोन्ही लिहावी लागतात. दरवर्षी ३१ डिसेंबरपूर्वी परदेशी कंपनीच्या कामगिरीचा अहवाल बँकेमार्फत द्यावा लागतो. तो राहिला, तर चूक नियमित होईपर्यंत पुढची रक्कम पाठविता येत नाही.

आता मर्यादेचा प्रश्न. भांडवल, कर्ज आणि हमी यांची बेरीज शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातील निव्वळ संपत्तीच्या ४०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत असताना ही मर्यादा १०० टक्क्यांवर आणली होती. पुढच्या वर्षी ती पूर्ववत झाली. भोसरीच्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती बारा कोटी. नियमाने ४८ कोटींपर्यंत मुभा. कागदावरचे तीन आकडे मिळून बारा कोटी, म्हणजे मुभेच्या अवघे एक चतुर्थांश. पुतण्याचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. पण तेच बारा कोटी म्हणजे तीन पिढ्यांची सारी पुंजी, हे आजोबांना दिसत होते. कायद्याची मर्यादा परकीय चलनाच्या दृष्टीने आखलेली असते; घराची मर्यादा घरानेच आखावी लागते.

आणखी एक सावधगिरी. बुडत्या कंपनीत धनकोचा नंबर भागधारकाच्या आधी लागतो, म्हणून कर्ज सुरक्षित, असे अनेकांना वाटते. जर्मनीच्या दिवाळखोरी कायद्यात मालकाने स्वतःच्या कंपनीस दिलेले कर्ज रांगेत सर्वांच्या मागे जाते. ऑस्ट्रियातही संकटकाळी दिलेल्या अशा कर्जास तोच न्याय लागू होतो. कागदावर धनको असलो तरी तेथे आपण मालकच ठरतो.

बैठक कशी संपली, ते सांगतो. भांडवल वाढवून दोन कोटी केले. कर्ज दोन कोटी ठरले, गोदाम चालू लागेल तसे हप्त्यांनी द्यावयाचे. हमी आठवरून तीन कोटींवर आली, तीही दोन वर्षांच्या मुदतीची. आणि कोणाचेही राहते घर कोणत्याही कागदावर येणार नाही असे ठरले. पुतण्या थोडा हिरमुसला होता. आजोबांनी त्याला जवळ बोलावून सांगितले, "तुझ्यावर अविश्वास नाही रे. तुझा धंदा एक वर्ष चुकला, तर दुसऱ्या वर्षी तुला पैसे देणारे कोणीतरी इथे उभे राहिले पाहिजे ना?"

ज्यांच्या घरी असा प्रस्ताव आला असेल, त्यांनी या वर्षीच्या खतावणीत एक पान जामिनाचे उघडावे. दिलेल्या प्रत्येक हमीची रक्कम, मुदत आणि धनकोचे नाव त्यावर लिहावे, आणि घरातील सर्व कर्त्या माणसांनी, स्त्रियांसह, ते पान वर्षातून एकदा तरी वाचावे.